जाऊबाईंचं बोट

कारखान्यात जाऊबाई कायम नोकरीला. वडील वारल्यावर त्यांच्या जागी लागल्या होत्या. पण रोज उठून खोक्यांचे पुठ्ठे कापणाऱ्या मशीनवर उभं राहणं त्यांच्या जिवावर यायचं, म्हणून त्यांच्या कार्डावर मी जायचे. पगार त्यांच्या हातात, त्यातला चतकोर माझ्या. मुकादमाचे हात ओले होत होते, त्यामुळे त्याला आम्हा दोघींचे चेहरे सारखेच दिसायचे. नवीन माणूस कायम म्हणून घेणं कारखान्याने केव्हाच बंद केलं होतं. मी तरी कुठे जाणार होते?

त्या दिवशी पात्याने माझ्या डाव्या हाताच्या बोटाचं टोक उडवलं. मुकादमाने मशीन पुसायच्या तेलकट फडक्याने ते गुंडाळलं आणि मागच्या फाटकातून मला घरी पिटाळलं. कारखान्याचा दवाखाना कार्डवाल्यांचा. तेव्हा अपघात जाऊबाईंना झाला, आणि मुकादमाच्या ओळखीने पांढरीशुभ्र पट्टीही त्याच बांधून आल्या. इकडे माझं बोट वांग्यासारखं काळंनिळं झालं, फडक्याला वास येऊ लागला.

जखमी कामगाराला बघायला मोठे साहेब घरी येणार असं कळलं, तेव्हा मी ठरवलं, सांगून टाकायचं. काम गेलं तर गेलं, बोट तरी वाचेल.

साहेब आले, आमच्या एकुलत्या खुर्चीच्या कडेवर टेकले. जाऊबाई खाटेवर कण्हत होत्या. कण्हणं अगदी हुबेहूब. माझंच ऐकून शिकल्या होत्या. मुकादम माझ्याकडे डोळे वटारून उभा. मग मी चहाचा कप मुद्दाम डाव्या हाताने पुढे केला.

साहेबांनी फडकं बघितलं, त्यातून झिरपलेलं बघितलं, मग माझ्या तोंडाकडे बघितलं. माझ्या बोटाला धक्का लागणार नाही अशा बेताने त्यांनी कप घेतला आणि जाऊबाईंकडे वळले.

"फार दुखतंय का हो?"

"ठणका लागतो, साहेब."

साहेब हळहळले. रजा मंजूर केली, भरपाई मंजूर केली. उठताना मशीन बंद राहता कामा नये म्हणून मुकादमाला बजावलं. चहा त्यांनी तोंडालाही लावला नाही.

मला त्या माणसाची शिसारी आली. मुकादम निदान पैसे खाऊन गप्प होता. याने फुकटात डोळे मिटले.

ते दोघे गेल्यावर जाऊबाईंनी हात माझ्यापुढे धरला. "सोड गं ही पट्टी. नुसता घाम आलाय आत."

मी दातांनी गाठ सोडली. आतून धडधाकट बोट निघालं, नखाला ताजा रंग लावलेला.

पट्टी त्यांनी माझ्या मांडीवर टाकली. "घे तुला. त्या फडक्यापेक्षा बरी. आणि उद्या वेळेवर निघ. माझ्या रजेत बदली म्हणून तुलाच घेतोय मुकादम. उजवा हात धड आहे ना तुझा?"

मी मान डोलावली. फडकं सोडलं आणि ती पट्टी बांधली. त्यांच्या घामाने ती अजून ओलसर होती, आणि मला माझीच किळस आली.