पंख्यात अडकलेला दोरा

मित्रांनो, हुबळीच्या विद्यानगरात सुधींद्र वकिलांच्या घरी खिडकीशेजारच्या टेबलावर एक काळा पेटारा दिसेल, तो मी. मी एक जुना गेमिंग कॉम्प्युटर आहे. जुना म्हणजे सव्वादोन वर्षांचा, पण आमच्या जातीत तेवढ्यात म्हातारपण येतं.

हुबळीतल्याच लॅमिंग्टन रोडवरच्या एका छोट्या दुकानात चेतन नावाच्या कारागिराने मला जोडलं. त्याचा हात फार हलका होता. शेवटी त्याने माझ्या झाकणाच्या फटीवर दुकानाचं सील चिकटवलं आणि वकिलांना बजावलं, "सर, हे सील तुटलं तर वर्षाची वॉरंटी गेली बघा." वकिलांना हे वाक्य इतकं आवडलं की घरी पोचेपर्यंत रिक्षात त्यांनी ते दोनदा म्हणून दाखवलं.

मला आणलं होतं त्यांच्या मुलीसाठी, निवेदितासाठी. ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. दिवसा मी तिचे प्रोजेक्ट करायचो आणि संध्याकाळी आम्ही खेळायचो. कॉलेजातल्या चार मैत्रिणी आणि ती, असा पाचजणींचा संघ होता आणि निवेदिता त्याची कप्तान. नोव्हेंबरात कॉलेजांची ऑनलाइन स्पर्धा होती. जिंकणारा संघ बेंगळूरला राज्याच्या फेरीला जाणार होता, आणि "जिंकलीस तर मी स्वतः घेऊन जातो," असं अप्पांनी, म्हणजे वकिलांनी, कबूल केलं होतं. त्या दिवसांत माझं काय कौतुक व्हायचं म्हणून सांगू! मैत्रिणी मला बघायला घरी यायच्या.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे कामाच्या वस्तूंची पूजा करतात. कायद्याची पुस्तकं, स्कूटर, शिलाई मशीन आणि त्या वर्षी मीसुद्धा. निवेदिताच्या आईने, शकुंतलाबाईंनी, झेंडूचे हार ओवले. हार तुटू नयेत म्हणून दाजीबानपेठेतून मुद्दाम नायलॉनचा दोरा आणला होता. मला हळदकुंकू लागलं, हार चढला. मी अगदी फुलून गेलो.

दसऱ्याला वकील कोर्टाची कागदपत्रं शोधत होते. घाईत त्यांनी माझा हार ओढून काढला. कुठेतरी कोपऱ्याला घासून तो तुटला आणि हातभर दोरा माझ्या वरच्या जाळीतून आत सरकून पंख्याला गुंडाळला गेला. कुणी पाहिलं नाही. मला कळलं, पण मला तोंड कुठे आहे?

पंखा कसाबसा रखडत फिरू लागला. वकिलांचे मसुदे टाइप करायला तेवढी हवा पुरत होती. पण खेळ म्हणजे माझ्या अंगाला मोठी मेहनत. दहा-बारा मिनिटांत मी तव्यासारखा तापायचो आणि चित्र होतं तिथे गोठायचं.

निवेदिता हुशार पोरगी. तिने आधी खेळ काढून पुन्हा भरला, मग विंडोज नव्याने टाकली. टेबलफॅन आणून माझ्यासमोर लावला. शेवटी माझं तापमान दाखवणारा एक लहानसा प्रोग्रॅम बसवला. माझ्यापाशी बोलायला एवढीच एक भाषा होती. मी सगळा जीव एकवटून सत्त्याण्णव आकडा दाखवला. तिला लगेच कळलं.

"अप्पा, हा तापायलाय बघा. आत काहीतरी अडकलंय. उघडून बघू या की."

"सील तोडून? आणि वॉरंटी?"

"मग दुकानात नेऊ या. मी येते, चेतन अण्णाला खेळून दाखवते."

पण वकील तिला न सांगता, ती कॉलेजात असताना, मला एकटेच दुकानात घेऊन गेले. चेतनने विचारलं, "यावर काय काम करता, सर?" वकील म्हणाले, "मसुदे." चेतनने अर्धा तास मसुदा उघडून ठेवला. मी मुकाट चाललो. "एनू प्रॉब्लेम इल्ला, सर, काही बिघाड नाही. गेम जरा कमी करा म्हणावं." पोरीनेच काहीबाही गेम भरून मला बिघडवलंय, असं वकील घरी म्हणतच होते; त्यांना हवा तोच निकाल मिळाला.

स्पर्धेचा रविवार उजाडला. बाराव्या मिनिटाला मी गोठलो. हेडफोनमधून मैत्रिणी ओरडत होत्या, "निवी, कुठं आहेस गं? निवी!" तिने मला बंद करून पुन्हा चालू केलं, पण तोवर सामना हातचा गेला होता. मला आजही त्या बाराव्या मिनिटाची लाज वाटते.

वकील दारात उभे होते. साक्षीदाराला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "आता तरी खरं सांग. कुठून काय आणून भरलीस यात?"

"मी काय भरले नाही, अप्पा. किती वेळा सांगू?"

"मग दुकानवाला खोटं बोलतो होय?"

हेडफोनची वायर नीट गुंडाळून निवेदिताने ती खणात ठेवली. त्या दिवसापासून ती अप्पांशी कधी वाद घालत नाही. काही सांगतही नाही.

जूनमध्ये ती नोकरीसाठी बेंगळूरला गेली. त्याच महिन्यात वॉरंटी संपली. ऑगस्टमध्ये मी साध्या मसुद्यालाही अडखळू लागलो, तेव्हा चेतनने सील फाडून मला उघडलं. चिमट्याने त्याने तो दोरा बाहेर काढला. त्याला झेंडूची एक वाळकी पाकळी चिकटलेली होती. वकील किती तरी वेळ ती हातात धरून बसले.

घरी येऊन माझ्यासमोरच त्यांनी फोन लावला. "निवी... नन्दे तप्पु." चूक आपली म्हणायला त्यांना कन्नडच जवळची वाटली असावी.

"असू दे, अप्पा. जेवलात का?"

गणेश चतुर्थीला ती घरी आली. वकिलांनी खुर्ची पुढे ओढली. "खेळ की. आता थांबत नाही तो." त्यांचा मान राखायला ती बसली. मी असा धावलो, असा धावलो! पण संघ केव्हाच मोडला होता. ती एकटीच दहा मिनिटं खेळात फिरली. वकील मागे वाकून "हे कोण? ते काय?" विचारत होते आणि ती पाहुण्याला सांगावं तसं सगळं सांगत होती. मग "छान चाललाय, अप्पा," म्हणून ती उठली.

मित्रांनो, आमच्या जाळीवरची धूळ पुसत जा. हार घाला, पण काढताना सावकाश काढा. आणि घरातलं कुणी 'मी काही केलं नाही' म्हणालं, तर त्याच दिवशी झाकण उघडून बघा, सील गेलं तरी चालेल. मला दुरुस्त करायला चेतनला पाच मिनिटं लागली. वकील मात्र अजून रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसून मुलीच्या फोनची वाट बघतात. फोन येतो. ती तब्येतीचं विचारते, जेवणाचं विचारते आणि ठेवून देते.