सालसोड्या

साहेबाने मारलेली लाल फुली झाडाने टाकून दिली होती. फुलीचा एक पाय तेवढा खोडावर उरला होता. बाकीची सालीच्या पापुद्र्यांसकट गटाराच्या झाकणावर पडली होती. करवत, दोर आणि तीन माणसं घेऊन मी आलो होतो ते हेच झाड पाडायला.

आम्ही तोडकामगार त्याला सालसोड्या म्हणतो. चिनाराचाच भाऊबंद. चार मजले उंच. पायाशी डांबर, एका अंगाला गटार, दुसऱ्या अंगाला बसथांबा, मुळांना मोजून हातभर माती. दिवसभर तोंडावर धूर. असल्या जागी माणूस आठवड्यात खोकून बेजार होईल. हा साठ वर्षं उभा आहे आणि अख्ख्या रस्त्याला सावली देतो. बदल्यात त्याला काय मिळतं? खिळे, जाहिराती आणि कुत्र्यांचं मूत.

त्याच्याखाली माझी आत्या रफू करते. दुकान म्हणजे एक स्टूल आणि सुयांचा डबा. काळ्या कापडात काळा धागा घालायचा तर ऊन चालत नाही, दिव्याखाली तिला दिसत नाही. पानांतून गाळून आलेला उजेडच लागतो. झाड गेलं की तिचं काम गेलं, इतका सरळ हिशोब.

"आलास?" आत्या म्हणाली. "घरचाच माणूस पाठवला होय? बरं झालं. परक्याला शिव्या घालायला संकोच वाटला असता."

तेवढ्यात वृक्षविभागाचा साहेब आला. कोवळं पोरगं, बुटांनाही इस्त्री केल्यासारखं टापटीप. "फुली कोणी खरवडली?" असं म्हणून आत्याकडे बघायला लागला.

"मी? मला वाकून चप्पल घालता येत नाही, नि तुमची फुली खरवडू? ती बघा तिथे पडलीय. न्या घरी, भिंतीला लावा."

माझी माणसं हसली. साहेब लाल झाला. "मुकादम, झाड रोगट आहे. साल सुटतेय. नवी फुली मारा आणि सुरू करा."

"साहेब, सापाने कात टाकली म्हणून त्याला कोणी दवाखान्यात नेतं का?" मी पापुद्रा उचलून त्याच्या हातात दिला. बाहेरून काजळीने काळा, आतून स्वच्छ. "हा धूर अंगावर घेतो आणि अंगरखा काढून फेकतो. तुम्ही नि मी तोच धूर छातीत साठवतो. रोगट कोण?"

"तज्ज्ञ तुम्ही की मी?"

"तुम्ही. म्हणून कान लावा."

झाड पाडण्याआधी लाकडी मोगरीने ठोकून बघायचं, ही आमची रीत: कमरेला, छातीला, हात पुरेल तिथे. आतून कुजलं असेल तर मडक्यासारखं वाजतं. मी ठोकत गेलो, साहेबाने कान लावला. सगळीकडे एकच आवाज, भरीव. मग बुंध्यात गिरमिट फिरवलं. कुजकं असतं तर तपकिरी भुगा आला असता. आला पांढरट, ओलसर कीस.

साहेबाने तो चिमटीत धरून चुरडून बघितला. मग हळूच म्हणाला, "पटलं. पण मी 'साल सुटलेली' लिहिलं की फॉर्ममध्ये खाली आपोआप 'पाडा' येतं. ते फिरवायचं तर कुणीतरी जबाबदारी घ्यायला हवी. उद्या फांदी पडून कोणी मेलं तर?"

प्रश्न खोटा नव्हता. फांदीखाली सापडलेला माणूस मी या हातांनी उचलला आहे.

मी दोर बांधून वर चढलो. एकेक बेचकं हाताने चाचपलं. दोन तास लागले. बसथांब्यावर झुकलेली एक फांदी वाळली होती, ती कापून दोराने खाली सोडली. उतरलो आणि म्हणालो, "आणा फॉर्म. झाड पडलं तर जबाबदार मुकादम, असं लिहा. मी सही करतो."

आत्या स्टुलावरून उठली. "गाढवा, नोकरी जाईल! पोरंबाळं आहेत तुला. माझं काय, निभेल कसंही. पाड ते झाड."

"तुझ्यासाठी नाही करत," मी ओरडलो. इतका मोठ्याने की थांब्यावरची माणसं वळली. "तेवीस वर्षं पाडतोय मी. त्यातली निम्मी धडधाकट होती. मोगरीने मला सांगितलं होतं, तरी पाडली. फुली होती ना! फुली असली की आपलं डोकं खुंटीला टांगायचं!"

मी सही केली. साहेबाने तीन वेळा वाचली. आपली सही खाली केली नाही. हिंमत विकत मिळत नाही. पण फॉर्म फाडलाही नाही. फाइलमध्ये घातला आणि नव्या फुलीचं नावही न काढता गेला.

झाड उभं आहे. जोराचा वारा सुटला की मला ती सही आठवते, खोटं कशाला सांगू. हातातलं काम टाकून मी त्या रस्त्याला जातो, खाली उभा राहून वर बघतो. सबंध झाड एका अंगाला कलतं, फांद्या करकरतात, आणि ते परत आपल्या जागी येतं. सावलीत बसची वाट बघणारे लोक मानसुद्धा वर करत नाहीत.