ढमीची गाठ

मित्रांनो, मी एक जुनी गाठ आहे. दोऱ्याची नव्हे. ढमी नावाच्या कुत्रीच्या पोटाखाली मी वाढले. ढमी कधीच गेली. मी मात्र आहे.

सुरुवातीला मी वाटाण्याएवढी होते. ढमीचे मालक, एक आजोबा, तिचं पोट खाजवायचे. बोटांना मी लागले की हसून म्हणायचे, "अंग धरलंय हो पोरीनं!" मला ते लाडच वाटायचे. ढमीच्या रक्तातले पहारेकरीही मला घरचीच समजून सोडून देत. मला थांबता येत नव्हतं, खरंच येत नव्हतं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी मला कापून काढलं, तोवर फार उशीर झाला होता. ढमी वाचली नाही. माझा एक तुकडा त्यांनी काचेच्या बशीत, उबदार कपाटात ठेवला. तिथे गुलाबी पाणी पिऊन मी पुन्हा वाढू लागले. बाई माझा थोडा भाग कुटत, धूत, गाळत. निरोगी मांसावर नसलेली, फक्त आमच्या जातीच्या गाठींवर असलेली खूण त्यांना वेगळी काढायची होती. कारण ढमीच्या लेकीलाही तशीच गाठ आली होती.

एकदा लेकीला घेऊन आजोबा आले. मदतनीस बाई सहज बोलून गेल्या, "आजोबा, ढमीची गाठ आहे हो अजून आमच्याकडे."

आजोबांनी भलतंच ऐकलं. "मग घालून द्या ना गाठ! एकदाच."

डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावलं. आजोबांनी मान हलवली, तरी बशीवर वाकून हळूच हाक मारली, "ढमे... ए ढमे."

मित्रांनो, मला शेपूट नाही. तरी ती हलवावीशी वाटली. खाली उभी असलेली लेक वर बशीकडे बघत शेपूट हलवू लागली. खोलीत कुणीच हसलं नाही.

पुढे ती खूण हाती लागली. लेकीला ती टोचली, आणि तिचे पहारेकरी चोर ओळखायला शिकले. तिची गाठ विरत चालली आहे. मला फार बरं वाटलं. मग डॉक्टरीणबाईंनी तिच्या रक्तातले पहारेकरी माझ्या बशीत सोडून पाहिले. ते सरळ माझ्याकडेच आले. इतक्या वर्षांत प्रथमच मला कुणी ओळखलं, आणि मी भ्याले.

त्या एकाच बशीत नव्हे, अजून बऱ्याच बश्यांमध्ये मी आहे. तेव्हा एक विनंती करते. तुमच्या मुक्या सोबत्याच्या अंगावरून हात फिरवताना बोटांना काही लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. तुमच्या 'उद्या बघू'वरच आम्ही पोसल्या जातो.