पित्तनळीतली पाहुणी

मित्रांनो, मी एक जुनी नळी आहे, आणि जुनी होणे हेच माझे दुर्दैव. खुर्ची जुनी झाली की तिच्यावर माया बसते, घड्याळ जुने झाले की त्याला मान मिळतो. माझ्यासारखीने मात्र थोडे दिवस काम करून निमूट बाहेर पडायचे असते.

माझा जन्म एका स्वच्छ कारखान्यात झाला. मी निळ्या प्लास्टिकची, बुटाच्या नाडीएवढी जाड आणि करंगळीहून थोडी लांब. ठेवलेल्या जागेवरून सरकू नये म्हणून माझी दोन्ही टोके डुकराच्या शेपटीसारखी वळवलेली होती. मला पाकिटात बंद केले, आणि एका मोठ्या दवाखान्याच्या कपाटात मी वाट पाहत पडले.

माझे काम समजण्यासाठी तुम्हाला थोडे पोटात डोकवावे लागेल. उजव्या बरगड्यांखाली यकृत असते. ते पित्त तयार करते. पित्त पित्ताशय नावाच्या छोट्या पिशवीत साठते आणि आपण जेवलो की एका बारीक पित्तनळीतून आतड्यात उतरते. कधी कधी त्या पिशवीत खडे होतात. एखादा खडा घसरून पित्तनळीत अडकला की पित्त तुंबते, आणि माणूस पिवळा पडू लागतो.

मी जिच्या पोटात गेले, त्या ताईचे तसेच झाले होते. ताई आणि तिची धाकटी बहीण पडदे शिवत. खाली दुकान, वर दोन खोल्या. आई लवकर गेली, वडील त्याआधीच. ताईनेच धाकटीला वाढवले, आणि तिचे केस पिकू लागले तरी ताई तिला ‘चिमणे’च म्हणे. जेवण जड झाले की ताईच्या बरगडीखाली कळ उठायची आणि पाठीतून उजव्या खांद्यापर्यंत जायची. ताई म्हणायची, “वात धरलाय, दुसरं काय.” लिंबू पिळून पाणी प्यायची आणि पुन्हा मशीनवर बसायची. तिने ते दुखणे कित्येक महिने अंगावर काढले.

एके सकाळी ताईने पडद्याच्या अस्तराचे पांढरे कापड उजेडात धरले. पलीकडून धाकटी पाहत होती. ती म्हणाली, “ताई, कापड खाली घे जरा.”

“का? डाग आहे?”

“कापडावर नाही. तुझ्या डोळ्यांत.”

हे सगळे मी येण्याआधीचे. पण ताई ते प्रत्येक गिऱ्हाईकाला इतके रंगवून सांगे, की मला पाठ झाले आहे.

पोटाच्या डॉक्टरांनी ताईच्या तोंडातून दुर्बीण आतड्यापर्यंत नेली, पित्तनळीचे तोंड मोकळे केले आणि मोठा खडा फोडून काढला. थोडा चुरा आत राहिला, सूजही होती. म्हणून माझे पाकीट फोडले. मी त्या अरुंद वाटेत शिरले, टोके वळवून बसले, आणि तुंबलेले पित्त माझ्यातून धो धो वाहू लागले. मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा क्षण.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर ताईच्या खाटेशी आले. धाकटी तेव्हा औषधे आणायला खाली गेली होती. डॉक्टर म्हणाले, “हे बघा, नळी तात्पुरती आहे. तीन महिन्यांच्या आत काढायची. त्याआधी ऑपरेशन करून पित्ताशय काढून टाकू, नाहीतर खडे पुन्हा होतील. सोपं ऑपरेशन आहे, घाबरू नका.”

“घाबरतंय कोण?” ताई म्हणाली. पण माझ्याभोवतीचे तिचे सगळे शरीर ताठ झाले होते, ते मला कळले.

पुढचे दिवस कौतुकाचे गेले. डोळ्यांचा पिवळेपणा गेला, अंगाची खाज थांबली, भूक परतली. ताई पोटावर थोपटून सांगे, “घरातला पाईप बदलायला प्लंबर सापडत नाही, आणि माझ्या पोटात बघा, आयता बसून गेला.” लोक हसत. मला आत बसल्या बसल्या फार बरे वाटे.

मग ठरलेली मुदत जवळ आली आणि ताई माझ्याबद्दल बोलेनाशी झाली. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात, तसा हा प्रकार नव्हता. ती काहीच विसरली नव्हती. दवाखान्यातून फोन आला की ती दुकानाबाहेर जाऊन हळू आवाजात सांगे, “मी परगावी आहे. आले की येतेच.” धाकटीला तिने ताकास तूर लागू दिली नाही.

धाकटीने एकदा चुण्या घालता घालता विचारलेच, “ताई, त्या नळीचं पुढे काय करायचं असतं गं?”

“काही नाही. विरघळते ती. ऑपरेशनचा टाका विरघळतो ना, तशी.”

धाकटी दोऱ्याशीच खेळणारी. तिला ते लगेच पटले.

त्या दुपारी धाकटी माप घ्यायला बाहेर गेल्यावर ताईने मशीन थांबवले. बरगडीखाली हात ठेवून ती पुटपुटली, “राहा बाई गुपचूप. मी तुला काही करत नाही, तू मला काही करू नकोस.”

मला बोलता आले असते तर मी म्हणाले असते, ताई, हे माझ्या हातात नाही. माझ्यासारख्या नळीत रोज थोडा थोडा गाळ बसतो. माझी वाट बारीक होत गेली. माझ्या टोकाभोवती नवा खडा धरू लागला. वर्ष उलटले. ज्या वाटेसाठी मला बसवले होते, तीच मी अडवू लागले.

आधी बारीक ताप येऊन गेला. ताई म्हणाली, हवा बदललीय. मग एका नाटकगृहाचे पडदे लावायला दोघी गेल्या असताना ताई शिडीवरून सावकाश उतरली आणि खाली घडी घालून ठेवलेल्या मखमलीवर बसली. तिचे दात वाजत होते. धाकटीने मखमलीचा तोच पडदा तिच्याभोवती गुंडाळला, तरी थंडी हटेना. ताईचे डोळे पुन्हा पिवळे झाले होते, आणि ती धाकटीला ‘आई’ म्हणून हाक मारत होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, “नळी कुठे काढून घेतली?”

“काढायची कशाला?” धाकटी म्हणाली. “ती विरघळली ना.”

डॉक्टरांनी मान वर करून तिच्याकडे पाहिले. मग म्हणाले, “ती विरघळत नसते.”

धाकटी भिंतीला टेकली. तिला काय वाटले असेल, ते मी सांगू शकत नाही. ताईला तातडीने आत नेले. त्याच दुर्बिणीच्या वाटेने मला चिमट्यात धरून बाहेर काढले, माझ्याबरोबर खडा आणि काळपट गाळ. माझ्या जागी नवी नळी बसली. तिने चोख काम केले. पण पित्तनळीतला जंतुसंसर्ग तोवर रक्तात पसरला होता, आणि मूत्रपिंडे थकू लागली होती.

मला एका बाटलीत घालून ताईच्या खाटेजवळच्या ट्रेवर ठेवले होते. तिथून मी पहिल्यांदा तिचा चेहरा पाहिला. तिच्या हनुवटीवर तीळ होता.

संध्याकाळी ती थोडी शुद्धीवर आली. “चिमणे, मी खोटं बोलले तुझ्याशी.”

“कळलं मला. आता बोलू नकोस.”

“आईला ऑपरेशनला आत नेलं, तेव्हा तू माझ्या कडेवर होतीस. म्हणाली होती, आत्ता येते. आलीच नाही. तुला खाली ठेवायलासुद्धा कुणी नव्हतं गं. मी आत गेले आणि आले नाही तर तुला कोण, एवढंच मनात यायचं.”

धाकटीने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. “ताई, मी पन्नाशीला आले. चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवता येत नाही मला.”

ताई हसली. ओठ कोरडे होते, तरी हसली. “मला नाही तसं दिसलं कधी,” ती म्हणाली.

दोन दिवसांनी ताई गेली. धाकटी तेव्हा तिचा हात धरून बसली होती.

त्यानंतर मी डॉक्टरांच्या टेबलावर राहायला आले. नळी बसवलेल्या प्रत्येकाला ते माझी बाटली दाखवतात आणि सांगतात, “एक पेशंट होत्या, त्यांनी वेळेवर काढली नाही.” लोक माझ्याकडे किळसेने पाहतात.

एक दिवस धाकटी त्या खोलीत आली. तिच्याही पित्ताशयात खडे निघाले होते आणि ती ऑपरेशनची तारीख घ्यायला आली होती. एकटीच. डॉक्टरांनी घाईघाईने मला खणात ठेवायला उचलले.

“राहू द्या, डॉक्टर,” ती म्हणाली. तिने मला हातात घेतले आणि बराच वेळ पाहिले. तिच्या नजरेत किळस नव्हती. “एवढीशीच होती होय?” मग मला जागेवर ठेवत म्हणाली, “लोकांना सांगता तेव्हा पेशंट म्हणू नका. कुणाची तरी ताई होती, म्हणा.”

धाकटीचे ऑपरेशन नीट पार पडले. ती घरी गेली, जिना चढून त्या दोन खोल्यांत. डॉक्टर तेव्हापासून तिने सांगितले तसेच सांगतात.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी पोटाची कळ हसण्यावारी नेत असेल, कुणाचे डोळे पिवळे दिसत असतील, तर त्यांना दवाखान्यात घेऊन जा. कुणाच्या पोटात माझ्यासारखी नळी असेल, तर ती कधी काढायची हे डॉक्टरांच्याच तोंडून ऐका. ते माणूस टाळाटाळ करू लागले, तर रागावू नका. त्याला कशाची भीती वाटते ते विचारा आणि तारखेला त्याच्याबरोबर जा. आमचे म्हणाल, तर आम्हाला जपून ठेवू नका. वेळेवर काढा आणि खुशाल फेकून द्या.