कुरड्यांचा पियानो

चंपतरावांचे वडील बापूजी यांनी, नागपूर सोडून चाललेल्या एका गोऱ्या साहेबाच्या लिलावात सागवानी कपाट समजून बोली लावली होती. घरी आणून झाकण उघडलं, तर आत काळे-पांढरे दात! बापूजींनी झाकण पुन्हा लावून टाकलं. त्यानंतर कितीतरी वर्षं त्या पियानोत कुरड्या आणि वड्या सुखानं नांदल्या.

मिलमधून रिटायर झाल्यावर चंपतरावांनी ठरवलं, हा वाजला पाहिजे.

"काहून?" बायको प्रयागबाई म्हणाल्या. "मंग माह्या कुरड्या कुठी ठेवू?"

चर्चमध्ये बाजा वाजवणारे फिलिप मास्तर आले. त्यांनी पियानो असा खोलला, की माजघरात पाय ठेवायला जागा उरली नाही. आत उंदरांच्या पिढ्या वाढल्या होत्या. तारांवर पडणाऱ्या हातोड्यांची लोकर त्यांनी साफ खाल्ली होती.

"जाड लोकरी कापड पाहिजे," मास्तर म्हणाले. चंपतरावांनी पेटीतून जुना कोट काढून दिला. तो प्रयागबाईंच्या भावाचा, मधुसूदनचा होता, हे कात्री चालून गेल्यावर कळलं.

"एक बाही तरी ठेवाची होती!" प्रयागबाई कळवळल्या.

शेवटी पियानो उभा राहिला. मास्तरांनी प्रार्थनेची एक संथ चाल वाजवली. ती ऐकून शेजारच्या रुखमाबाई डोक्यावर पदर घेऊन, तोंड पाडून दारात आल्या.

"कोण गेलं वं?"

"माह्या भावाचा कोट."

मग चंपतराव रोज संध्याकाळी वाजवायला बसू लागले. माग चालवून जाड झालेलं त्यांचं एकेक बोट दोन-दोन पट्ट्या दाबायचं. प्रयागबाईंनी कानात कापूस घातला.

एके दुपारी चंपतराव झोपले असताना प्रयागबाई पट्ट्या पुसत होत्या. फडक्याखालून भुलाबाईच्या गाण्याची सुरुवात निघाली. त्या थबकल्या. पुढचा सूर शोधला, चुकला, पुन्हा शोधला. अख्खी ओळ सापडली तेव्हा मागे चंपतराव उभे होते.

"तुले येते?"

"मले कुठी येते! मी तं पुसून राहिली होती."

भाद्रपदात भुलाबाई बसली, तशा तिची गाणी म्हणायला गल्लीतल्या पोरीबाया त्यांच्याच घरी जमू लागल्या. प्रयागबाई एका बोटानं वाजवायच्या, बाकीच्या टाळ्या वाजवत गायच्या. खिरापतीचा शिरा करायचं काम चंपतरावांकडे आलं.

"एक गाणं मले बी वाजवू द्या ना!" ते स्वयंपाकघरातून ओरडले.

"पयले शिरा पाहा," बोट न थांबवता प्रयागबाई म्हणाल्या, "खाली लागून राहिला."