आधी भाकर, मग बोलणं

तुळजाराम दूरच्या शहरात विमानतळावर मुकादम होता. विमानाला शिडी लावणारे, सामान चढवणारे वीस गडी त्याच्या हाताखाली. २०१० साली तिथं नवा नियम आला. ज्याच्या हातून चूक होईल त्यानं चिठ्ठी लिहून पेटीत टाकायची. त्याला शिक्षा नाही, चुकीचं कारण शोधून ते दुरुस्त करायचं. सुट्टीला गावी, ठाणाकुशनूरला आल्यावर तुळजाराम आईला, बाणूबाईला, छाती फुगवून सांगत होता, "सहा महिने झाले, आमच्या पेटीत एक चिठ्ठी न्हाई. चूकच होत न्हाई आमच्याकडं."

मंडळी, असं बोलणारी माणसं आपल्या घरात, हापिसात पैशाला पासरी आहेत. तुळजाराम त्यातलाच, पण मनानं वाईट नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगलनं, त्याच्या बायकोनं, लोखंडी बादलीत हिटर लावला. पाणी तापलं का बघायला बाणूबाई वाकली, तोच त्याची अकरा वर्षांची लेक रेणू किंचाळली, "आज्जे, हात लावू नको! करंट हाय!"

तुळजारामनं धावत जाऊन बटण बंद केलं. वायर सोललेली होती. काल रेणूच्या हातून हिटर पडला होता आणि तिनं तो गुपचूप जागेवर ठेवला होता.

"कामून सांगितलं न्हाईस?"

"तुम्ही मारताव म्हणून," रेणू रडत म्हणाली.

त्याचा हात उगारलेलाच होता. बाणूबाईनं तो आपल्या दोन्ही हातांत धरला.

"थांब तुळज्या. मेंढरू लंगडायलंय म्हणून गडी सांगत आला की तुझे अप्पा त्याला आधी भाकर वाढायचे, मग बोलायचे. एका साली डोकं फिरलं आन् गड्याला मारलं. फुडं कळपात खुरकूत रोग आला तवा तो गप बसला. अर्धा कळप गेला, बाबा. मारलं की रोग जात न्हाई, सांगणारा जातो."

तुळजारामनं हात खाली घेतला. त्याला आपल्या वीस गड्यांतला माणिकप्पा आठवला. शिडीचा ब्रेक नीट लागत नाही, आपल्या हातून ती विमानाला घासता घासता राहिली, असं त्यानं सांगितलं होतं. तुळजारामनं त्याला चारचौघांत झापलं आणि सामान उचलायला लावलं. पेटी तेव्हापासून रिकामी होती. ती शिडी मात्र अजून रोज विमानाला लागत होती.

त्यानं तिथूनच फोन करून शिडी बाजूला काढायला लावली. मग रेणूला जवळ घेतलं, तिच्या ताटात स्वतः भाकर वाढली. "तू वरडलीस म्हणून आज्जी वाचली, माय," तो म्हणाला.

कामावर परतल्यावर त्यानं सगळ्यांसमोर घरच्या भाकरीचं फडकं सोडलं. "माणिकप्पा अण्णा, आधी जेव. तू खरं सांगितलंस आन् मी तुलाच शिक्षा दिली. चुकलं माझं." मग पेटीत पहिली चिठ्ठी तुळजारामनं स्वतःच टाकली: ब्रेकचं मला कळलं होतं, मी दाबलं.

मंडळी, नियम कागदावर कितीही चांगला असो, सांगणाऱ्याला जिथं भीती वाटते तिथं तो कुणालाच वाचवत नाही. घर असो की विमानतळ, चूक सांगायला आलेल्या माणसाला आधी जवळ बसवा.

आठ दिवसांनी तुळजारामनं घरी फोन केला. "रेणू, पेटीत चार चिठ्ठ्या आल्यात बघ."

"मग रागावलाव का अप्पा?"

"न्हाई गं. भाकर वाढली."