निळी पट्टी

हौशी रॉकेट क्लबच्या माळावर मार्लिस केननं आपलं रॉकेट तपासणीच्या टेबलावर आडवं ठेवलं. क्लबचा तपासनीस वेंडेल प्रूट यानं चष्मा नाकावर सरकवला, पंखांच्या सांध्यावरून बोट फिरवलं आणि तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत विचारलं, "ऑरिन, इपॉक्सीचा गोंद कुठला वापरलास रे?"

ऑरिन, म्हणजे तिचा नवरा, मागे उभा होता. एका हातात चिलीची, म्हणजे खिमा-राजम्याच्या तिखट रश्श्याची, कागदी वाटी, दुसऱ्या हातात चिलीत बुचकळलेला दालचिनीचा रोल. गेल्या चार महिन्यांत त्यानं त्या रॉकेटला एकदाही हात लावला नव्हता. आता उत्तर द्यायला मात्र त्यानं घाईघाईनं घास गिळला.

"त्याला काय विचारतोस?" मार्लिस म्हणाली. "मला विचार. बांधलंय मी."

"हो गं पोरी, माहीत आहे," वेंडेल म्हणाला. पोरगी छप्पन वर्षांची होती. "पण ऑरिननं जरा हातभार लावलाच असेल की."

मार्लिसच्या कानशिलांपर्यंत आग पोचली. कपडे धुण्याच्या खोलीत, मशीनवर फळी टाकून तिनं हे रॉकेट उभं केलं होतं. पंखांच्या सांध्यांना इपॉक्सी भरलं, स्पिरिटमध्ये बोट बुडवून ते काचेसारखं गुळगुळीत केलं, घासलं, पुन्हा भरलं. संचाबरोबर आलेल्या पॅराशूटची शिवण तिला पसंत पडली नाही, म्हणून तेही स्वतः शिवलं. तीस वर्षं ती ट्रकच्या आणि ट्रॅक्टरच्या गाद्या शिवत आली होती. क्लबमधल्या निम्म्या पुरुषांची रॉकेटं तिच्याच हातच्या पॅराशूटवर खाली यायची. चौदा वर्षं ती या माळावर येत होती, मोठ्या पातेल्यातून चिली वाढत होती, आणि चौदा वर्षं तिचं नाव एकच होतं, ऑरिनची बायको.

आज तिला पहिल्या पायरीचा दाखला हवा होता. तो असल्याशिवाय रॉकेट उडवणारी मोठी दारूची मोटर स्वतःच्या नावावर मिळत नाही. नियम साधा होता. रॉकेट स्वतः बांधायचं, स्वतः भरायचं, उडवायचं आणि पॅराशूटवर धडधाकट खाली आणायचं. दुसऱ्या कुणाचा हात लागला की दाखला गेला. त्या कागदावर नवऱ्याच्या नावाला जागाच नव्हती, आणि तिला तो हवा होता तो त्यासाठीच.

"बरं, नाक बघू," वेंडेल म्हणाला.

त्यानं रॉकेट नाकाला धरून उचललं. ते लटकून राहिलं. मग त्यानं एक हलका हिसका दिला, तसं नाक अलगद सुटून त्याच्या हातात आलं.

"दीड वेढा," मार्लिस म्हणाली. "नाकाचं बूड नळीच्या आत बसतं तिथे, साधी पिवळी चिकटपट्टी. सात वेळा काढली आणि लावली. नाक सैल राहिलं तर चढतानाच गळून पडणार. घट्ट झालं तर वर दारूचा बार उडेल, पण नाक निघणार नाही आणि पॅराशूट आतच बसेल. दीड वेढ्यावर बरोबर बसतं."

"बरोब्बर!" वेंडेल म्हणाला आणि तिच्या उड्डाणाच्या कार्डावर सही करताना ऑरिनकडे बघून त्यानं भुवया उडवल्या. जणू शाबासकी त्याला.

सही झाल्यावर रॉकेटला कुणी काही करायचं नाही, हा माळावरचा कायदा. लहान मुलांनाही तो पाठ असतो. मार्लिसनं रॉकेट ऑरिनच्या हातात दिलं. "मी कार्ड देऊन मोटर पेटवायची तार घेऊन येते. हे धर. नुसतं धर."

"नुसतं धरतोय," ऑरिन म्हणाला.

परत यायला तिला दहा मिनिटं लागली, कारण तारांच्या टेबलाशी रांग होती. तेवढ्यात वारा वाढला. कापलेल्या गव्हाच्या धसकटांतून धूळ उठायला लागली, आणि त्या भागात एकदा धूळ उठली की अडवायला झाड म्हणून नाही. तिनं रॉकेट घेतलं, उडवायच्या तीन नंबरच्या खांबावर चढवलं, तार आत सरकवली, तिची टोकं चिमट्यांना जोडली आणि लोकांना लांब ठेवायला बांधलेल्या दोरीच्या मागे येऊन उभी राहिली.

माइकवर चेट होता. उडवणीचं बटण त्याच्याच ताब्यात. त्याच्यासमोर तिचं कार्ड होतं आणि त्यावर मोठ्या अक्षरांत 'मार्लिस केन' लिहिलेलं होतं. ते वाचता येत नसेल तर चेटनं डोळे तपासून घ्यायला हवे होते.

"लोकहो, तीन नंबरवर बघा!" भोंगा खरखरला. "आपल्या ऑरिनची बायको! पहिल्या पायरीचा प्रयत्न! पाच, चार, तीन, दोन, एक..."

आवाज छातीवर आदळला आणि रॉकेट गेलं. सरळ. एवढ्या वाऱ्यातही ओळंब्यानं आखल्यासारखं सरळ. कुठे डुगडुगलं नाही, तिरकं झालं नाही. तिचे पंख होते ते! मार्लिस राग विसरली. तोंड उघडं टाकून ती वर बघत राहिली आणि तिच्या तोंडून नुसतं "जा, जा, जा" एवढंच निघत होतं.

अगदी वर गेल्यावर ते मंदावलं आणि कलंडलं. बार ऐकू आला. सगळे नारिंगी पॅराशूटची वाट बघत राहिले.

पॅराशूट आलंच नाही.

"वर बघा! वर बघा!" चेट ओरडला. सगळे खुर्च्यांतून उठले आणि बोटं आभाळाकडे गेली. रॉकेट नाक खाली करून, शिट्टी वाजवत आलं आणि पाव मैलावर मातीत घुसलं. धप्प आवाज जरा उशिरानं आला.

ती चालत गेली. मागून फावडं घेऊन वेंडेल आणि त्याच्या मागे, जरा अंतर ठेवून, ऑरिन. मातीवर शेपटाकडचा वीतभर तुकडा आणि तीन पंख दिसत होते. पंख शाबूत होते. एकही निघाला नव्हता.

वेंडेलनं जीभ टाळ्याला लावून चक् केलं. "मार्लिस, नाक किती घट्ट बसवलं होतंस?"

सकाळपासून त्यानं तिला विचारलेला हा पहिला प्रश्न होता. सांधे गुळगुळीत होते तेव्हा ऑरिनला विचारायचं. रॉकेट मातीत गेलं की मार्लिसला! आता मात्र सगळ्यांना एकदम पटलं होतं की रॉकेट तिनंच बांधलंय.

वेंडेलनं भोवतीनं खणलं, मग तिनं हातांनी माती उपसली. नळीच्या घड्या पडल्या होत्या, पण नाक आख्खं निघालं. तिनं नखांनी त्याच्या खालच्या कडेवरची माती काढली. खाली पिवळी पट्टी होती, दीड वेढा. तिच्यावर निळी.

निळी चिकटपट्टी ऑरिनची होती. त्याच्या खिशात कायम असायची. घरातला रिमोट, टपालाची पेटी, चष्म्याची दांडी, सगळं त्या पट्टीनंच बांधलेलं.

मार्लिसनं वेढे मोजले. मग उठून उभी राहिली.

"ऑरिन."

"वारा वाढला होता गं," तो म्हणाला. "नाक हलत होतं. मी आपला एक वेढा..."

"तीन."

"असतील तीन. तुझ्याच भल्यासाठी केलं ना! वाटेत गळून पडलं असतं म्हणजे?"

"हलायलाच हवं होतं ते! सात वेळा मोजून बसवलं होतं मी! तुला सांगितलं होतं, नुसतं धर. मला विचारलं का नाहीस?"

"तू चिडली असतीस," ऑरिन म्हणाला.

खरंच ती चिडली असती. पण रॉकेट तरी हातात असतं.

वेंडेल घसा खाकरत दोघांच्या मध्ये आला. "हे बघ मार्लिस, दुसऱ्याचा हात लागला, त्यामुळे दाखला तसाही गेलाच. मी कार्डावर 'नाक घट्ट बसवलं' एवढंच लिहितो. पुढच्या महिन्यात ऑरिन क्लबच्या सुरक्षा प्रमुखपदासाठी उभा राहतोय. सहीनंतर रॉकेटला हात लावला हे कळलं तर त्याची शोभा होईल. घरातलं घरात ठेवा की."

"म्हणजे चूक माझ्या नावावर."

"तुला काय फरक पडतो गं?" ऑरिन म्हणाला. त्याला खरंच कळत नव्हतं, आणि तिला त्याचाच सगळ्यात जास्त संताप आला. "पहिल्या खेपेला सगळ्यांचंच जातं. मी सांगतो ना, तू फक्त..."

तेवढ्यात भोंगा वाजला. "लोकहो, ऑरिनच्या बायकोनं मातीचा नमुना काढलेला दिसतोय! नो प्रॉब्लेम, मार्लिस, ऑरिन दुसरं बांधून देईल!" माळभर हशा पिकला. वाईट हेतूनं कुणीच हसत नव्हतं. चौदा वर्षं कुणाचाच हेतू वाईट नव्हता.

मार्लिसनं नाक उचललं आणि चालायला लागली. पाव मैल ती धसकटं तुडवत गेली. ऑरिननं दोन हाका मारल्या, तिनं वळून पाहिलं नाही. चेटच्या टेबलाशी येऊन तिनं हात पुढे केला. तिच्या चेहऱ्याकडे बघून चेटनं मुकाट्यानं माइक दिला.

"मी मार्लिस केन," ती म्हणाली. तिचा आवाज भोंग्यातून माळाच्या चारी टोकांना गेला, गाड्यांशी उभ्या माणसांपर्यंत, चिलीच्या रांगेपर्यंत. "ते रॉकेट मी बांधलं. सरळ गेलं, तुम्ही पाहिलंत. एकही पंख निघाला नाही. वेंडेलची सही झाल्यावर माझ्या पाठीमागे कुणीतरी नाकावर तीन वेढे निळी पट्टी गुंडाळली. म्हणून ते मातीत गेलं." तिनं नाक उंच धरलं. "ती पट्टी लावली मार्लिसच्या नवऱ्यानं."

हशा कुठल्या कुठे गेला. चेट अर्धवट उठून हळूच म्हणाला, "म्हणजे... आपल्या ऑरिननं?"

"मार्लिसच्या नवऱ्यानं," ती माइकमध्येच म्हणाली. माइक टेबलावर ठेवून तिनं कोऱ्या कार्डांच्या गठ्ठ्यातलं एक ओढलं आणि पुढच्या महिन्याची तारीख घालून नाव लिहायला बसली.

फावडं खांद्यावर घेऊन ऑरिन दोरीपाशी पोचला तेव्हा तपासणीच्या रांगेतला एक माणूस, दुसऱ्या गावचा, पहिल्यांदाच आलेला, त्याच्याकडे वळून बघत होता.

"काय हो," त्यानं विचारलं, "मार्लिसचा नवरा म्हणजे तुम्हीच का?"